खडी क्रशरच्या शेजारची शाळा: खाणीचे नियम आणि मुलांचं वाचन

गावालगतच्या दगडखाणीचा विषय ग्रामसभेत निघाला की बोलणं धुळीवर येतं, घराच्या भिंतींना गेलेल्या तड्यांवर येतं, भरधाव डंपरवर येतं. पोरांच्या वाचनाचा विषय तिथं कुणी काढत नाही. तो निघतो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, आणि तिथं खाणीचं नाव कुणी घेत नाही. खाण महसूल खात्याची, वाचन शिक्षण खात्याचं, अशी आपण वाटणीच करून टाकली आहे. या लेखात मला ती वाटणी मोडायची आहे. खाणीच्या शेजारी वाढणाऱ्या मुलाचं वाचन मागे पडण्याची निदान काही कारणं थेट खाणीतून येतात. ती दूर करायला लागणारे नियम आणि पैसा या दोन्हींची सोय कागदावर आधीच आहे.

खाण वस्तीजवळच का असते?

दगड जड असतो आणि स्वस्त असतो. खडीच्या दरात वाहतुकीचा वाटा इतका मोठा की लांबून आणलेली खडी बांधकामवाल्याला परवडत नाही. त्यात महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हाचे थर साचून तयार झालेल्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. दगड शोधत हिंडावं लागत नाही. शहराला लागून असलेली टेकडी पुरते. म्हणून पुण्याभोवती वाघोली, मोशीसारख्या ठिकाणी आणि नवी मुंबईत पारसिकच्या डोंगराला खाणी लागल्या. पुढे त्याच खडीतून उभं राहिलेलं शहर पसरत पसरत खाणीच्या तोंडाशी आलं. वाघोली ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आली, तोवर तिथं खाणी, क्रशर आणि मोठमोठ्या सोसायट्या एकमेकांना खेटून उभ्या होत्या.

मग वाद सुरू होतो: आधी कोण आलं? खाणमालक म्हणतो, मी तीस वर्षांपासून इथं आहे, फ्लॅट घेताना डोळे मिटले होते का? रहिवासी म्हणतात, आम्ही रीतसर मंजूर इमारतीत राहतो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण या भांडणात तिसरा पक्ष कायम राहून जातो. खाणीच्या काठावर पत्र्याच्या खोल्यांत राहणारी कामगारांची वस्ती ती. सोसायटीचं अंतर मोजायला लोक टेप घेऊन येतात, त्या वस्तीचं अंतर कुणी मोजत नाही. आणि क्रशरच्या सगळ्यांत जवळ राहणारी मुलं तीच असतात.

खाणींची मागणी लवकर कमी होईल अशी आशाही धरू नये. नदीतल्या वाळूचा उपसा थांबवायचा तर पर्याय म्हणून दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू लागते. राज्यानं २०२५ मध्ये त्यासाठी धोरण आणलं आणि अशा वाळूसाठी स्वामित्वधनाचा, म्हणजे सरकारला द्यायच्या रॉयल्टीचा, दर ब्रासला ६०० रुपयांवरून २०० वर आणला. (ब्रास म्हणजे १०० घनफूट.) नदी वाचवण्यासाठी हे गरजेचं आहे असं मलाही वाटतं. पण नदीवरचा भार टेकडीवर जाणार, आणि टेकडीखाली कुणीतरी राहत असणारच.

आवाज आणि अक्षर

धूळ दिसते, म्हणून तिच्याबद्दल बोललं जातं. वाचनाच्या बाबतीत मात्र जास्त नुकसान आवाजानं होतं.

वाचायला शिकणं म्हणजे कानाला आधीच माहीत असलेल्या ध्वनीला डोळ्यांनी दिसणारं चिन्ह जोडणं. पहिलीतल्या मुलाला ‘ख’ हे अक्षर ओळखायचं असेल तर ‘क’ आणि ‘ख’ हे दोन आवाज वेगळे आहेत, हे त्याच्या कानाला आधी पक्कं कळावं लागतं. मराठीत अशा जोड्या भरपूर: काट-खाट, गार-घार, डाळ-ढाळ, पळ-फळ. त्यांच्यातला फरक असतो तो श्वासाच्या एका छोट्या झोताचा. स्वर मोठ्यानं आणि लांब ऐकू येतात. व्यंजनं क्षणभराची आणि क्षीण असतात. क्रशरची घरघर चालू असताना नेमकी व्यंजनं बुडतात. बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो, पण त्या ‘काट’ म्हणाल्या की ‘खाट’ हे पोचत नाही.

मोठ्या माणसाचं यात फारसं अडत नाही. निम्मा शब्द ऐकला तरी संदर्भावरून आपण उरलेला भरून काढतो. सहा वर्षांच्या मुलाकडे तेवढा शब्दसाठा नसतो. घरी वडारी, गोरमाटी (बंजारा बोली) किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या आणि शाळेत पहिल्यांदा प्रमाण मराठी ऐकणाऱ्या मुलाकडे तर त्याहून कमी. म्हणजे ज्याला नीट ऐकू येण्याची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच सगळ्यांत कमी ऐकू येतं.

यावर जगात बरंच काम झालेलं आहे. त्यातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण न्यूयॉर्कच्या एका सरकारी शाळेचं. शाळेच्या एका बाजूनं उंचावरून रेल्वे जायची. साधारण दर साडेचार मिनिटांनी एक गाडी, आणि प्रत्येक वेळी अर्धा मिनिट शिकवणं थांबायचं. अर्लाइन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये त्याच शाळेतल्या दोन बाजूंच्या वर्गांची तुलना केली. शाळा तीच, आजूबाजूची वस्तीही तीच. फरक फक्त खिडकी कुठल्या बाजूला उघडते एवढाच. रुळांकडच्या वर्गातली मुलं वाचनात मागे होती, आणि सहावीपर्यंत हे अंतर जवळपास एका वर्षाचं झालं होतं. त्यानंतर रुळांखाली रबर बसवलं गेलं, वर्गांना आवाज शोषणारं छत लागलं. १९८१ मध्ये पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुलांचं वाचन सारखं होतं. शिक्षक बदलले म्हणून किंवा नवं पुस्तक आलं म्हणून ते सुधारलं नव्हतं. गेला होता तो आवाज.

जर्मनीत म्युनिकचा विमानतळ १९९२ मध्ये एका जागेहून दुसऱ्या जागी हलला, तेव्हाही संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांना तपासलं. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि लक्षात ठेवणं घसरलं, जुन्या जागेजवळच्या मुलांचं सुधारलं. २००५ मध्ये ब्रिटन, नेदरलँड्स आणि स्पेनमधल्या अडीच हजारांहून जास्त मुलांच्या अभ्यासातही विमानांचा आवाज आणि वाचनाचं आकलन यांचा हाच संबंध दिसला. हे अभ्यास रेल्वे आणि विमानांचे आहेत, खडी क्रशरचे नाहीत. आवाजाची जात वेगळी असली तरी शिकवणं तुटण्याची आणि शब्द बुडण्याची तऱ्हा तीच आहे.

आता जरा हिशेब. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार वर्गात मागे चालू असलेला आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा. शिक्षकाचा आवाज मुलाच्या कानाशी या मागच्या आवाजापेक्षा साधारण १५ डेसिबलनं वर असला, तर लहान मुलाला शब्द स्वच्छ कळतो. उघड्यावर एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ढोबळमानानं ६ डेसिबलनं उतरतो. उदाहरणादाखल, क्रशरपासून १० मीटरवर ९० डेसिबल असतील तर २० मीटरवर ८४, ४० वर ७८, ८० वर ७२ आणि १६० मीटरवर ६६ उरतात. साधं बोलणं समोरासमोर ६० च्या आसपास असतं. म्हणजे दीडशे मीटरवरच्या वर्गातसुद्धा, खिडक्या उघड्या असतील तर, बाईंना मशिनशी स्पर्धा करावी लागते. आणि पत्र्याच्या वर्गात मार्च-एप्रिलमध्ये खिडक्या बंद ठेवा म्हणणं म्हणजे मुलांना भट्टीत बसवणं.

दाणकन सुरुंग उडतो तो वेगळाच. स्फोट क्षणाचा असतो, पण त्याच्या आधीचा भोंगा आणि नंतरची गडबड धरली की तास मोडतो. गोष्ट वाचून दाखवण्याच्या मध्यात हे झालं की मुलांना पुन्हा त्या गोष्टीत आणणं किती कठीण असतं, हे कुठल्याही प्राथमिक शिक्षिकेला विचारा.

खाणीच्या काठावरची मुलं

पुण्या-मुंबईकडच्या खाणींत दगड फोडायला आलेले बरेच जण पिढीजात दगडाचं काम करणारे वडार समाजाचे. शिवाय मराठवाडा, सोलापूर, कर्नाटकातून आणि अलीकडे ओडिशा, छत्तीसगडमधूनही कुटुंबं येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत काम करायचं, मग दुसऱ्या खाणीवर. मुलाची शाळा खाणीबरोबर फिरते, किंवा सुटते.

अशा वस्तीतली एक दहा वर्षांची मुलगी वाचायला बसली की काय होतं ते सांगते. ‘रा-मू-ने गा-य सो-ड-ली’, असं ती एकेक अक्षर बोटानं दाबत वाचते. अक्षर तिला येतं, मात्राही येते. पण वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. ‘कुणी सोडली?’ विचारलं तर ती पुन्हा पहिल्या शब्दावर बोट नेते. याला आपण ‘हिला वाचता येत नाही’ म्हणतो. खरं तर तिला सराव मिळालेला नाही. तीन शाळांत तीन अर्धवट वर्षं गेली, कडेवर धाकटा भाऊ, घरात पुस्तक नाही. वाचनाला वेग येण्यासाठी एकच सोपा मजकूर पुन्हा पुन्हा, न अडखळता वाचायला मिळावा लागतो. तो मिळाला तर अशी मुलं काही महिन्यांत पुढे सरकतात. वयाप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करायचे, अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, परिच्छेदवाले एकीकडे, आणि रोज ठरलेला वेळ द्यायचा, ही मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेनं रूढ केलेली पद्धत आता कितीतरी सरकारी शाळा वापरतात.

ही अडचण फक्त खाणीवरच्या मुलांची आहे असं मात्र नाही. ‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २३.४ टक्के होती. २०२२ मध्ये, कोरोनानंतर, ती १६.३ टक्के होती. सुधारणा आहे, पण अजून चारातली तीन मुलं मागे आहेत. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं म्हणून जुलै २०२१ पासून केंद्राची ‘निपुण भारत’ मोहीम चालू आहे. सर्वसाधारण शाळेत ही गत, तर खाणीवरच्या वस्तीत काय असेल याचा अंदाज करता येतो.

महाराष्ट्रानं यावर स्वतःचे मार्ग काढले आहेत, आणि त्यांचा मला मनापासून आदर वाटतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. वीटभट्ट्यांवर विधायक संसदेनं भोंगाशाळा चालवल्या. आणि खाणीवर? वाघोलीत बस्तू रेगे आणि पल्लवी रेगे यांच्या ‘संतुलन’ संस्थेनं पाषाण शाळा सुरू केल्या. शाळा मुलाची वाट बघत बसणार नाही, ती खाणीवर जाईल, हा त्यामागचा विचार. मुलगा ज्या मैदानात दगड गोळा करायचा तिथंच फळा लागला.

पण एका संस्थेनं कितीही केलं तरी हक्क हा हक्कच असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेलं शिकवायला विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं. ‘दाखला आणा, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर ते बेकायदा आहे.

१९५२ च्या खाण कायद्यानं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेनं घेतली) घातलेले दोन दंडकही इथंच बघायला हवेत. एक, अठरा वर्षांखालच्या कुणालाही खाणीत काम चालू असलेल्या भागात हजर राहू द्यायचं नाही. काम करणं दूरच, नुसतं तिथं असणंही नाही. दोन, बायका कामाला असलेल्या खाणीत त्यांच्या लहान मुलांसाठी पाळणाघर हवं. १९६६ मध्ये त्याचे वेगळे नियम झाले. कागदावरची ही पाळणाघराची अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. धाकट्याला सांभाळायला पाळणाघर असेल तर दहा वर्षांची बहीण शाळेत जाते. नसेल तर ती घरी राहते, आणि आपण तिला ‘अप्रगत’ म्हणतो.

कुठला नियम कुणाकडे?

लोक दमतात ते इथं. तलाठी तहसीलदारांकडे पाठवतो, तहसीलदार म्हणतात प्रदूषण मंडळाकडे जा, मंडळ म्हणतं सुरुंगाचं आमच्याकडे नाही. ही टोलवाटोलवी तोडायची तर कोण काय बघतं हे आधी माहीत हवं.

खडी, मुरूम, चिरा ही गौण खनिजं. केंद्राच्या १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानं त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे, आणि महाराष्ट्राचे नियम २०१३ चे आहेत. खाणपट्टा देणं, त्याच्या हद्दीची तपासणी, स्वामित्वधन आणि वाहतूक पास हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेचं काम. पासशिवाय किंवा पट्ट्याबाहेर उपसा झाला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्ती होऊ शकते. ‘खाण हद्दीबाहेर गेली आहे’ ही तक्रार म्हणून खनिकर्म शाखेकडे.

धूळ, आवाज आणि क्रशरची परवानगी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. मंडळाच्या संमतीपत्राशिवाय क्रशर चालवता येत नाही, आणि त्या पत्रात अटींची यादी असते. देशभर लागू असलेले क्रशरचे निकष तसे स्पष्ट आहेत: धूळ उडते तिथं आच्छादन आणि पाण्याचे फवारे, वारा अडवणारी भिंत, आवारात पक्का रस्ता, जमीन नियमित झाडून ओली ठेवणं, हद्दीभोवती झाडांचा पट्टा. यंत्रापासून ३ ते १० मीटरवर मोजलेली तरंगती धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर नको. हे पाच मुद्दे बघायला यंत्र लागत नाही. पत्रे आहेत का, फवारे चालू आहेत का, हे रस्त्यावरून दिसतं. मला विचाराल तर आच्छादन हा एकच मुद्दा नीट पाळला तरी धूळ आणि आवाज दोन्ही उतरतात.

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा. शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून शासनानं घोषित केला असेल तर दिवसाची मर्यादा ५०. २०१७ च्या दुरुस्तीनंतर शासनाच्या घोषणेशिवाय शांतता क्षेत्र धरलं जात नाही. तेव्हा आपल्या शाळेचं नाव त्या यादीत आहे का, हे आधी तपासावं.

सुरुंग हा तिसरा भाग, आणि तो खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जातो. सहा मीटरपेक्षा कमी खोल, पन्नासपेक्षा जास्त माणसं नसलेल्या आणि स्फोटकं न वापरणाऱ्या दगडखाणींना खाण कायद्यात सूट होती. याचा अर्थ उलटा वाचा: सुरुंग लावला की सूट संपली. स्फोटानं जमीन किती हलावी यालाही मर्यादा आहे. खाणमालकाच्या नसलेल्या साध्या विटा-सिमेंटच्या घरांपाशी, हळू लयीच्या म्हणजे ८ हर्ट्झखालच्या कंपनांसाठी, ती सेकंदाला ५ मिलिमीटर आहे. हे मोजायचं यंत्र असतं, आणि ते शाळेच्या भिंतीपाशी लावून मोजून द्या अशी लेखी मागणी करता येते. तड्याच्या फोटोपेक्षा हा आकडा चौकशीत जास्त वजनदार ठरतो. स्फोटकांचा साठा आणि परवाना बघणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे.

अंतराचा प्रश्न सगळ्यांत चिघळलेला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं वस्तीपासूनचं किमान अंतर सुरुंग नसेल तर १०० मीटर आणि सुरुंग असेल तर २०० मीटर असं सुचवलं होतं. केरळमध्ये ५० मीटरवर खाणी चालत होत्या. तिथल्या गावकऱ्यांच्या तक्रारीवर जुलै २०२० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं हेच १०० आणि २०० मीटर लागू करायला सांगितलं. खाणमालक वरच्या न्यायालयांत गेले आणि वाद लांबला. महाराष्ट्रातल्या गावानं म्हणून एका आकड्यावर विसंबून राहू नये. आपल्या खाणीच्या पर्यावरण मंजुरीत आणि संमतीपत्रात कुठलं अंतर लिहिलंय ते काढावं. ते बंधनकारक असतं.

पर्यावरण मंजुरीचं म्हणाल तर, २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणींनाही ती लागते असं सांगितलं. तोवर मोठी खाण कागदावर छोट्या तुकड्यांत दाखवून ही मंजुरी चुकवली जायची. आता ५०० मीटरच्या आतल्या खाणींचा समूह धरतात, आणि एकत्रित क्षेत्र पाच हेक्टरांवर गेलं तर जनसुनावणी लागते. या सुनावणीत शाळेनं जावं. मुख्याध्यापकांनी किंवा समितीच्या अध्यक्षांनी लेखी सांगावं: आमची शाळा इतक्या मीटरवर, पटसंख्या इतकी, तास या वेळेत. हे एकदा इतिवृत्तात आलं की मंजुरीच्या अटीत स्फोटाची वेळ, डंपरचा रस्ता लिहून घेता येतो. न आलेली हरकत नंतर शोधून सापडत नाही.

मंजुरी मिळालेल्या खाणीला अटी पाळल्याचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. तो मागवा. ‘झाडं लावली’ असं त्यात लिहिलेलं असेल, तर झाडं मोजायला पाचवीच्या मुलांना घेऊन जा. हद्दीच्या बाहेरून, अर्थात.

पैसा कुठून?

वर्गाला आवाज शोषणारं छत, बालवाचनालय, जादा शिक्षिका, यांना पैसा कुठाय, असं म्हणून विषय संपवला जातो. खाणक्षेत्रात हा प्रश्न तितका खरा नाही. २०१५ मध्ये १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. महाराष्ट्राचे नियम २०१६ चे. आपल्याकडे गौण खनिजाच्या स्वामित्वधनाच्या १० टक्के रक्कम त्यात जमा होते. ब्रासला ६०० रुपयांच्या हिशेबानं ६० रुपये. पाच ब्रास खडी भरलेला एक हायवा शाळेसमोरून गेला म्हणजे बाधितांच्या निधीत ३०० रुपये पडले पाहिजेत. दिवसाला किती हायवा जातात ते शाळेच्या फाटकात उभं राहून मोजा, म्हणजे रक्कम डोळ्यांसमोर येईल. (तो हायवा पासवर जात असेल तर. म्हणून बिनपासाची वाहतूक म्हणजे सरकारची चोरी आहेच, त्या गावच्या शाळेचीही आहे.)

या निधीबाबत केंद्राच्या २०२४ च्या सूचना सांगतात की किमान ७० टक्के रक्कम पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण अशा प्राधान्याच्या कामांवर जावी. शिक्षणाखाली वर्गखोल्या, ग्रंथालय, वसतिगृह, शिक्षकांची नेमणूक, मुलांना शाळेत ने-आण करायला वाहन, हे सगळं नावानिशी आहे. तरीही प्रस्ताव येतात ते बहुतेक सिमेंटच्या रस्त्यांचे आणि कमानींचे. कारण शाळेकडून प्रस्तावच जात नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचं कायद्यानं दिलेलं काम आहे. त्या आराखड्यात ‘क्रशरकडच्या बाजूचे दोन वर्ग मागच्या बाजूला हलवणे, छताला आवरण, वस्तीवर वाचनवर्ग आणि एक मानधनी शिक्षिका’ असं कामवार लिहून ग्रामसभेचा ठराव जोडून पाठवला तर तो बाजूला टाकणं सोपं नसतं.

आदिवासी अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचा हात आणखी वर आहे. पेसा कायद्यामुळे गौण खनिजाच्या पट्ट्यासाठी तिची शिफारस आधी लागते. शाळेच्या अटी त्या शिफारशीतच घालता येतात.

बंद करा म्हणण्याआधी

‘खाण बंद करा’ ही मागणी मला कळते. काही खाणी बंदच व्हायला हव्यात. पण एका रात्रीत टाळं लागलं की वस्ती दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसते, आणि चौथीतली मुलं मार्च महिन्यात गायब होतात. सोसायटीतल्या मुलांना शांतता मिळते, वस्तीतल्या मुलांची शाळा जाते. म्हणून मला आधी वेळा बांधून घेणं महत्त्वाचं वाटतं. सुरुंग शाळा सुटल्यावर आणि अंधार पडण्याआधी. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास डंपर बंद. क्रशरला पूर्ण आच्छादन. यात खाणमालकाचं उत्पादन फारसं बुडत नाही, आणि वर्गाला सलग शांत तास मिळतात.

बंद झालेल्या खाणीचाही बंदोबस्त लागतो. पावसाळ्यात ती पाण्यानं भरते, काठ उभे असतात, आणि पोहायला उतरलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कोकणात आणि गोव्यात चिरेखाणींतही हेच होतं. काठाला कुंपण घालणं आणि खाण सुरक्षित करून सोडणं ही खाण चालवणाऱ्याची जबाबदारी. ती पार पडल्याशिवाय त्याची अनामत परत देऊ नका, असं ग्रामपंचायतीनं खनिकर्म शाखेला लेखी कळवून ठेवावं.

आणि खाण बंद होतेय किंवा टोळी हलतेय याची कुणकुण लागली की मुख्याध्यापकांनी मुकादमाकडून कुटुंबांची यादी आणि पुढचं ठिकाण विचारून घ्यावं. प्रत्येक मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यावं, म्हणजे पुढच्या शाळेत प्रवेश अडणार नाही. त्यासोबत एक साधा कागद: मूल अक्षर वाचतं, शब्द वाचतं, की परिच्छेद. पुढच्या गावातल्या बाईंना मग पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करावी लागत नाही.